पूर्ण रकमेचं घर

आमच्या घराची किंमत मला पहिल्यांदा फुलवालीने सांगितली. मी विचारली नव्हती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी तेरा वर्षांची होते, आणि कुंभकोणमच्या त्या घरात येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी ती दारात टोपली ठेवून बसली, मोगऱ्याची माळ कोपरापासून बोटांपर्यंत मोजायला लागली आणि मोजता मोजता म्हणाली, "एवढ्याचं घर घेतलंत, आणि फुलं एकच हात?"

नुसतं 'एवढ्याचं' नाही, तिने आकडा सांगितला. अगदी शेवटच्या रुपयापर्यंत.

मी आत जाऊन अम्माला विचारलं, आपलं घर खरंच तेवढ्याचं आहे का. अम्मा इडलीचं पीठ फेटत होती. तिचा हात पिठातच थांबला.

"तुला कोणी सांगितलं?"

"फुलवालीने."

अम्माने हात धुतले, बाहेर गेली आणि पुढचं दार लावून घेतलं. उन्हाळ्याचे दिवस होते. त्या वेळी आमच्या गल्लीत कोणी दार लावत नसे. सगळे जण ओट्यावर येऊन नदीकडच्या वाऱ्याची वाट बघत बसत.

त्याआधी आम्ही पापनाशमला, स्टेशनाजवळच्या एका घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो. अप्पा पाटबंधारे खात्यात होते. त्यांची बदली कुंभकोणमला झाली आणि त्यांनी हे घर बघितलं. कावेरीकडे उतरणाऱ्या गल्लीत, दोन्ही बाजूंच्या घरांना भिंतीला भिंत लागलेलं, अरुंद आणि लांब. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मग मधली खोली, स्वयंपाकघर, त्यामागे परस, परसात विहीर, आणि परसाच्या दाराबाहेर एक बोळ. विकणारं म्हातारं जोडपं मुलीकडे कायमचं चाललं होतं. त्यांनी मागितली ती किंमत रास्त होती आणि अप्पांनी ती दिली. एवढाच तो व्यवहार.

फरक पडला तो कागदावर. आमच्या गल्लीत कोणीही घर घेतलं की खरेदीखतात निम्मी रक्कम लिहायची आणि उरलेली हातात द्यायची, असा सर्रास रिवाज होता. अप्पांना तसं करता येत नव्हतं. त्यांनी खात्याकडून कर्ज घेतलं होतं, आणि कर्ज कागदावरच्या रकमेवर मिळायचं. दस्त लिहिणाऱ्याने पेन वरच धरून त्यांना विचारलं, "सगळी लिहू?"

"सगळी लिहा."

"सार, सगळी?"

हे अप्पांनीच त्या दिवशी घरी येऊन आम्हाला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

फुलवालीला आकडा कुठून कळला ते दोन-तीन दिवसांत उलगडलं. समोरच्या घरातले मामा ओट्यावर येऊन बसले; इकडे शेजारीपाजारी एकमेकांना मामा, मामीच म्हणतात. त्यांचा पितळी भांड्यांचा धंदा होता, तो मुलाच्या हाती देऊन ते आता दिवसभर गल्ली बघत बसायचे. अम्माने कॉफी दिली. मामांनी ती वाटीत ओतून गार केली, प्याले, आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढला.

"तुमचं विल्लंगम काढलं," ते म्हणाले.

तमिळमध्ये विल्लंगम म्हणजे घरावरचा बोजा. भानगडीलाही हाच शब्द आहे. एखादं घर कुणाकडे गहाण आहे का, कुणी कुणाला कितीला विकलं, हे सांगणारा उतारा नोंदणीच्या कचेरीत मिळतो. किरकोळ शुल्क भरायचं, अर्ज द्यायचा. घर आपलं असायला हवं असं नाही.

अप्पांनी कागद हातात घेतला नाही. "आमच्या घराचा उतारा तुम्ही कशाला काढलात?"

"असंच. भाव काय चाललाय ते कळायला," मामा म्हणाले. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. "त्यात चोरी काय आहे सार? कुणालाही देतात." मग त्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला आणि अप्पांकडे बघून विचारलं, "ह्या घरात असं आहे तरी काय?"

"काही नाही. घर आहे."

"तसं कसं सार," मामा म्हणाले आणि हसले.

ते गेल्यावर अम्मा कितीतरी वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलायचो, उंबऱ्याबाहेर तमिळ. ती मराठीत म्हणाली, "कोणी माझी ट्रंक उघडून, एकेक साडी उलगडून, परत होती तशी घडी घालून ठेवल्यासारखं वाटतं हो." अप्पा म्हणाले, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील.

लोक विसरले नाहीत. त्यांनी हिशोब मांडला. त्यांच्या घरांच्या कागदावर निम्म्या रकमा होत्या, आणि त्या रकमांशेजारी आमची ठेवली की ती कुणालाच पटेना. विहिरीचं पाणी मचूळ, मागची कौलं गळकी, तरी ह्या माणसाने एवढं का मोजलं? त्यात आम्ही मराठी. आमचे पूर्वज तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा इकडे आले आणि इथलेच झाले. अप्पांच्या आजोबांनाही महाराष्ट्र कुठल्या दिशेला आहे हे धड सांगता आलं नसतं. पण गल्लीच्या लेखी आम्ही राजाचे लोक होतो. राजाच्या लोकांना काहीतरी ठाऊक असणार.

एका सकाळी समोरच्या मामी कढीपत्ता मागायला आल्या आणि अम्माला म्हणाल्या, "मामी, तुमच्याकडे त्या वाकड्या लिपीतले जुने कागद असतील ना?"

"आहेत की," अम्मा म्हणाली. आमच्याकडे मोडीतल्या चार-दोन पत्रिका होत्या, सासऱ्यांच्या वेळच्या, ज्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. अम्माला वाटलं, मामींना उगाच कुतूहल आहे.

त्या 'आहेत की'ने सगळं पक्कं झालं. संध्याकाळपर्यंत शब्द गल्लीभर झाला होता: पुदैयल. पुरलेलं धन.

तो शब्द आमच्यासमोर कोणी उच्चारला नाही. आम्हाला फक्त एवढंच जाणवलं की आमच्याकडे येणारी माणसं आमच्याकडे बघत नाहीत. ती जमिनीकडे बघतात. दूधवाला मापाने दूध घालायचा आणि त्याची नजर अम्माच्या पायांमागच्या फरशीवर असायची. अप्पांच्या कचेरीतले एक जण सहकुटुंब आले. त्यांची बायको बोलता बोलता टाच हलकेच आपटत होती, थोडी सरकून पुन्हा आपटत होती, आणि आपण काय करतोय हे तिला स्वतःलाच ठाऊक नसावं असा तिचा चेहरा होता. भाजीवाली म्हातारी ओट्यावर बसायचं सोडून आत बैठकीच्या खोलीत येऊन बसायला लागली. बसताना तळहात जमिनीवर टेकायची, उठतानाही टेकायची, आणि मध्ये बराच वेळ तो हात तिथेच ठेवायची. तुम्ही बोला, ती हो हो म्हणायची. लक्ष मात्र हाताखाली.

मग तो छत्रीवाला आला.

दुपारची वेळ होती. मे महिन्यातल्या दुपारी आमची गल्ली अशी सुनी व्हायची की विहिरीवरचा रहाट वाऱ्याने कुरकुरला तरी पुढच्या दारापर्यंत ऐकू यायचं. शाळेला सुट्टी होती. मी आणि अम्मा परसात तांदळाच्या कुरडया वाळत घालत होतो. धाकटा भाऊ आत झोपला होता. परसाचं दार उघडं होतं आणि बोळात एक म्हातारा उभा होता, काळी छत्री उघडलेली, दुसरा हात आमच्या भिंतीवर सपाट टेकलेला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"कोण पाहिजे?" अम्माने विचारलं.

"तहान लागलीय," तो म्हणाला.

अम्माने तांब्या भरून दिला. त्याने छत्री मिटली, आत एक पाऊल टाकलं, आणि तांब्यातलं पाणी सावकाश, बारीक धारेने, परसातल्या मातीवर ओतलं. एक थेंब प्याला नाही. मग उकिडवा बसून ते पाणी कसं मुरतंय ते बघत राहिला. आम्हीही बघत राहिलो. माती आधी काळी झाली, मग हळूहळू परत फिकी. त्याने मान हलवली, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि बोळातून निघून गेला.

अम्माने तो तांब्या चिंचेने घासला, पुन्हा घासला, आणि शेवटी माळ्यावर टाकून दिला.

पावसाळ्यानंतर एका चतुर्थीला आम्ही सगळे तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला गेलो. सकाळी निघालो, दिवेलागणीच्या आत परत आलो. पुढचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत समई, पितळी हंडे, अम्माच्या डब्यातले सुटे पैसे, सगळं जागच्या जागी. अम्मा दिवा लावायला परसातल्या तुळशीपाशी गेली आणि तिने अप्पांना हाक मारली. ओरडून नाही. अगदी हळू.

तुळशीच्या पलीकडे खड्डा होता. चौकोनी, कडा सुरीने कापल्यासारख्या. काढलेली माती शेजारी ढीग करून ठेवली होती, चाळणीतून चाळून घेतल्यासारखी भुसभुशीत. ढिगावर एक विड्याचं पान होतं आणि पानाला मधोमध काजळ फासलेलं. तुळशीला हात लावला नव्हता. उलट जाताना कुणीतरी तिला पाणी घातलं होतं. आळं अजून ओलं होतं.

माझा भाऊ खड्ड्यात उतरायला निघाला तेव्हा अम्माने त्याच्या दंडाला धरून इतक्या जोरात मागे ओढलं की तो रडायलाच लागला.

अप्पा पोलिसांकडे गेले. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आला. त्याने खड्डा बघितला, काय चोरीला गेलं विचारलं. काही नाही. मग तक्रार कशाची लिहू, म्हणाला. जाता जाता मधल्या खोलीत थांबला, बुटाने फरशीवर दोनदा ठोकलं, आणि आवाज खाली करून अप्पांना म्हणाला, "तुम्हाला काही मिळालं का सार?"

अप्पांनी स्वतः खड्डा बुजवला.

त्याच सुमारास बायका मला एक प्रश्न विचारायला लागल्या. पहिल्यांदा मामींनी विचारलं. मी त्यांच्या ओट्यावर बसले होते, त्या माझी वेणी घालत होत्या. "तू थोरली ना गं?"

"हो."

"तुझ्या आधी कोणी नाही ना? म्हणजे जन्मून गेलेलं वगैरे?"

"नाही."

"आणि तुझे अप्पाही थोरलेच."

मी म्हटलं, हो, अप्पाही थोरलेच. मामींचा हात माझ्या केसांत क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. नंतर बांगडीवाल्याने विचारलं. तळ्याच्या पायऱ्यांवर एका अनोळखी बाईने विचारलं. तमिळमध्ये पहिल्या अपत्याला 'तलैच्चन' म्हणतात. तो शब्द माझ्या पाठीमागे, मी वळले की थांबणाऱ्या आवाजात, मला वरचेवर ऐकू यायला लागला.

एका दुपारी शाळा सुटली आणि फाटकाशी एक बाई उभी होती. नीटनेटकी, अंबाड्यात फुलं, कपाळावर विभूती. तिने मला माझ्या नावाने हाक मारली. "इकडे ये. तुझ्या अम्माने परकराचं माप घ्यायला सांगितलंय." तिच्या हातात पांढरा दोरा होता. मी सरळ उभी राहिले. तिने दोऱ्याचं टोक माझ्या डोक्यावर, भांगाच्या मधोमध धरलं आणि दुसरा हात माझ्या अंगावरून खाली नेत टाचेपर्यंत आणला. तिचे हात थंड होते आणि त्यांना कापराचा वास येत होता. टाचेपाशी तिने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला, आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "जा घरी. नीट जा."

अर्ध्या वाटेवर माझ्या मनात आलं की परकराचं माप कमरेपासून घेतात.

घरी गेल्यावर अम्माला विचारलं. "मी कोणाला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "कोण बाई? कसला दोरा?" मी सगळं सांगितलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जिथे दोऱ्याचं टोक होतं तिथेच, आणि मला तशीच हाताला धरून समोरच्या घरी घेऊन गेली.

मामी निवडणं घेऊन बसल्या होत्या. अम्मा उभीच राहिली. "मामी, माझी मुलगी थोरली आहे की नाही ह्याच्याशी गल्लीचं काय काम आहे?"

मामींनी सूप बाजूला ठेवलं. त्या वाईट बाई नव्हत्या. मला आजही तसं वाटत नाही. त्यांनी मला आत पाणी आणायला पाठवलं, पण मी दाराआडून ऐकत होते.

"मी काही मानत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण लोक म्हणतात. पुरलेलं धन असंच हाती लागत नाही. त्याच्यावर राखण असते. राखण तलैच्चन मागते. तलैच्चनाचं तलैच्चन असेल तर..." त्या थांबल्या. "मुलीला एकटीला पाठवू नका. मी आधीच सांगणार होते."

"आणि हे सगळं त्या एका आकड्यावरून?"

"तुम्ही तेवढे पैसे उगाच का द्याल?" मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. त्या समजूत घालत होत्या.

त्या दिवसापासून अम्मा मला शाळेत सोडायला आणि आणायला यायची. परसाच्या दाराला आडणा लागला. मला स्वप्नं पडत नव्हती, भूकही लागायची. पण चालताना माझी पावलं बदलली होती. मधल्या खोलीतून जाताना मी चवड्यांवर चालायचे. कोणी झोपलेलं असावं तशी.

अप्पांनी खात्यात बदलीसाठी अर्ज केला, घर विकायचंही बघितलं. एक गिऱ्हाईक आलं; त्याने घर धड बघितलंही नाही, फक्त विचारलं, "खणून झालंय की बाकी आहे?" अप्पांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. त्यानंतर ते बोलेनासे झाले. जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा आणि ते कान दिल्यासारखे बघायचे. अम्मा म्हणायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही."

एक दिवस शाळा अर्ध्या वेळेत सुटली. अम्मा घ्यायला यायची होती, पण आम्ही तिघी मैत्रिणी मिळून निघालो आणि त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. रविवार नव्हता, तरी अप्पांच्या चपला दारात होत्या. घरात आवाज नव्हता. मी बैठकीच्या खोलीतून मधल्या खोलीच्या दारात आले.

अप्पा जमिनीवर पालथे पडले होते. अंगावर कचेरीचाच शर्ट. दोन्ही हात पसरलेले, एक कान फरशीला लावलेला, डोळे उघडे. मला वाटलं ते गेले. मग त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. ते उठले नाहीत. ओशाळलेही नाहीत. त्यांनी फक्त बोट ओठांवर ठेवलं.

मी श्वास रोखला. आणि मलाही ऐकू आलं. खूप खाली, खूप लांब, घागर भरताना होतो तसा आवाज. बुडबुड, मग थांबणं, मग पुन्हा. मी हळूच गुडघ्यांवर बसले आणि कान जमिनीला लावला. फरशी गार होती. माझे अप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, दोघांचे कान जमिनीला, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी तोवर फक्त परक्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

"तुला ऐकू येतंय ना?" ते कुजबुजले. "तुला जास्त येत असेल."

स्वयंपाकघराच्या दारात अम्मा उभी होती. तिच्या हातात भरलेली कळशी होती. इतका वेळ ती विहिरीवर पाणी शेंदत होती. आम्ही ऐकलं ते कदाचित तेच असेल. तिने कळशी खाली ठेवली.

"उठा," ती म्हणाली.

अप्पा उठून बसले. "मी फक्त..."

"लोकांचे डोळे मी सोसले. तुमचे मला सोसवणार नाहीत." तिने पदर खोचला. "आता उघडायचं. सगळं. दिवसाढवळ्या. सगळ्यांच्या समोर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं."

अप्पांनी सुंदरपेरुमाळ कोयिल ह्या जवळच्या गावाहून कालव्याच्या कामावरचे दोन मजूर बोलावले. अम्मा स्वतः घराघरांत गेली, सणाचं आमंत्रण द्यायला जावं तशी, कुंकू घेऊन. "उद्या आमच्याकडे फरशी काढणार आहोत. या बघायला."

सगळे आले. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं सताड उघडी होती. माणसं ओट्यावर, बैठकीच्या खोलीत, परसात दाटून उभी होती, आणि तरी इतकी शांतता होती की पहारीचा प्रत्येक घाव भिंतीतून परत येत होता. आधी बैठकीची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर. अम्माने चूल परसात मांडली होती आणि ती सगळ्यांना कॉफी देत होती. मजुरांनी कमरेएवढं खणलं. वरची काळी माती संपली आणि खाली नदीची वाळू लागली, पांढरी, ओलसर. शिंपले निघाले. जळकी वीट निघाली. माणसं तो विटेचा तुकडा हातोहात फिरवत राहिली, वास घेत राहिली. भाजीवालीने एक शिंपला पदराला बांधला.

मी अम्माच्या शेजारी उभी होते. तिने माझा हात सोडला नाही. कॉफी देतानाही नाही. ती एकाच हाताने देत होती. मी गर्दीतला प्रत्येक चेहरा बघून घेतला. दोरेवाली बाई आली नव्हती. ती मला पुन्हा कधीच दिसली नाही.

छत्रीवाला मात्र आला होता. मधल्या खोलीतल्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्याने आत बघितलं. तळाशी पाणी पाझरायला लागलं होतं.

"इथेच थांबलात?" त्याने अप्पांना विचारलं.

"पाणी लागलं."

"बरोबर," तो म्हणाला. "आणखी खाली जाऊ नका." आणि उघडी छत्री घेऊन, वाट करून देणाऱ्या माणसांमधून तो परसाच्या दाराने निघून गेला. तो कुठला, कोण, हे गल्लीत कुणालाच सांगता आलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं तो दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा आहे.

मामांनी सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. खड्ड्यांकडे आणि मग अप्पांकडे बघून ते म्हणाले, "म्हणजे सार, तुम्ही खरंच नुसत्या घराचे एवढे दिलेत?"

"हो," अप्पा म्हणाले.

मामांच्या चेहऱ्यावर दया आली. ती दया मग गल्लीभर पसरली. त्यानंतर आम्ही राजाचे लोक उरलो नाही. फसलेले लोक झालो. फुलवाली मला एक गजरा जास्त द्यायला लागली. मामी अम्माला दर सणाला काहीतरी करून पाठवायच्या आणि ते देताना आवाज मऊ करायच्या. अप्पांना हे फार लागलं असेल असं मला वाटलं होतं, पण नाही. ते पुन्हा पोटभर जेवायला लागले. बदलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला. मला एकटीने शाळेत जायची परवानगी वर्षभराने मिळाली, आणि तोवर मी दोन बोटं वाढले होते. तो दोरा कुणाजवळ होता, त्याचं पुढे काय केलं, हे मला आजही ठाऊक नाही. पण आता तो माझ्या मापाचा नाही, हे मी तेव्हा रोज स्वतःला सांगत असे.

खड्डे बुजवले, वर लाल सिमेंटची जमीन केली. छान गुळगुळीत झाली होती. त्या घरात अप्पा आणि अम्मा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत राहिले. मी शिकायला तिरुचीला गेले, मग लग्न होऊन पुण्याला आले. भाऊ मोठा झाला. गल्लीतली घरं हातोहात विकली गेली, त्यांच्या किमती अशा चढल्या की आमचा आकडा अगदीच किरकोळ वाटायला लागला आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

एकदा मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. सकाळची वेळ होती. मी मधल्या खोलीतून चालत गेले आणि माझ्या पायाखाली जमीन वाजली. पोकळ. माठावर टिचकी मारावी तशी. मी थांबले, पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा वाजली.

गवंडी आला. त्याने फिरून सगळीकडे ठोकून बघितलं. म्हणाला, पूर्वी कधीतरी खणलेलं दिसतंय, भराव नीट धुमसलेला नाही, पाण्याने माती खाली बसली आणि वर सिमेंट तसंच राहिलं. "पूर्वी इथे असं काही नसणार. खणल्यामुळे झालंय. फोडून भरून देऊ का?"

अप्पांनी अम्माकडे बघितलं.

"नको," अम्मा म्हणाली. "फोडायचं नाही."

"पण मामी, आवाज येत राहणार."

"येऊ दे."

गवंडी गेल्यावर तिने भावाला बोलावलं, आणि दोघांनी मिळून तांदळाची मोठी कोठी ढकलत त्या जागेवर आणून ठेवली. कोठी बसली तेव्हा खालून एकदा जड, दबलेला आवाज आला. माझ्या पोटातलं मूल हललं. माझं पहिलंच, तलैच्चनाचं तलैच्चन. अम्माचं माझ्याकडे लक्ष गेलं, ती माझ्याजवळ आली आणि मला धरून बाहेर ओट्यावर उन्हात घेऊन गेली.